अर्धं कोर्ट, अर्धं सोयाबीन

मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्रक एका बास्केटबॉलच्या गार्डवर होतं. एसटीचं, रेशनचं, दवाखान्यात डॉक्टर नसल्याचं, ही सगळी नंतरची. आज माझं पत्रक निघालं की तालुक्यात चार माणसं तरी फोन बंद करून बसतात. पण त्या पहिल्या पत्रकात बाजाराच्या दिवशी मला भजी बांधून मिळाली आणि ती मी उभ्या उभ्या खाल्ली. कागद तेलानं पारदर्शक झाला होता, तरी अक्षरं वाचता येत होती. तेव्हाच ठरलं, आपण हेच करायचं.

आधी कोर्टाचं सांगते, कारण भांडण त्याच्यावरून होतं.

आमचं गाव तलवाड्याच्या बाजूला. शाळेमागं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. ते कुणी मागितलं, कुणी मंजूर केलं, गावात कुणाला ठाऊक नाही. एक दिवस दोन खांब आले, खांबांना रिंगा आल्या, उद्घाटनाची फरशी आली, फरशीवर ओळीनं नावं आली. बॉल आला नाही. बॉल यायला माझी पाचवी ते आठवी गेली. तोवर गावानं त्या सिमेंटचा जो व्हायचा तो उपयोग केला. तूर वाळवली, हरभरा वाळवला, आणि सगळ्यात जास्त सोयाबीन. मला आजही राग येतो, पण गावाचा नाही. एवढी सपाट आणि कोरडी जागा गावात दुसरी नव्हतीच, मग गावानं काय करावं? राग येतो तो फरशी आठवणीनं बसवून बॉल विसरणाऱ्यांचा.

बॉल शेवटी आमच्या पीटीच्या सरांनी आणला. कुठून आणला विचारलं तर म्हणायचे, "तुला खेळायचंय का चौकशी करायचीय?" मी म्हणायचे, "दोन्ही." त्यांच्या फोनवर आम्ही व्हिडिओ बघून खेळ शिकलो. आणि तिथंच मला ती भेटली.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तेव्हाही येत नव्हतं; व्हिडिओत बोलणारी माणसं एकाच नावाचे तीन उच्चार करायची आणि खालची लिपी कुठली ते सरांनाही सांगता येत नव्हतं. समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी देशाकडून ती ऑलिम्पिक खेळली होती, एकदा नाही, चार वेळा. आम्ही तिला बुटकी म्हणायचो. प्रेमानं म्हणायचो, कारण मीही बुटकीच होते, आणि सरांनी सांगितलं होतं की बास्केटबॉलमध्ये बुटक्या माणसाला एक जागा राखून ठेवलेली असते. ती गार्डची. गार्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी नव्हे. पाचजणींतली जी बॉल पुढं घेऊन येते, कुणाला द्यायचा ते ठरवते, आणि समोरच्या लंबूंच्या हातातनं बॉल चोरते, ती गार्ड. चोरी करायला सरकारमान्य जागा! मला हे काम फार आवडलं.

गंमत अशी, की तिची सगळी कारकीर्द मी शेपटाकडून पाहिली. पहिला व्हिडिओ सापडला तो तिच्या शेवटच्या ऑलिम्पिकचा. केसांत पांढरं दिसतंय, ती कोर्टावरच बसून रडतेय, आणि दुसऱ्या संघाच्या पोरी येऊन तिला मिठ्या मारतायत. म्हणजे आमची ओळख झाली आणि ती निवृत्त झाली. मग त्याच्या आधीचं सापडलं: गुडघ्याला पट्टा, लंगडत येते आणि तरी खेळते. मग त्याच्याही आधीचं: कॅप्टन आहे, दोन झाडांएवढ्या बायकांच्या मधून वाकून बॉल पळवते. पण पहिल्या ऑलिम्पिकचं काही केल्या सापडेना. मला वाटायचं, नसेलच काही. अशी माणसं कॅप्टन म्हणूनच जन्माला येत असतील.

मी अकरावीत होते. दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी निवड होणार होती. शाळाशाळांच्या पोरी आपसांत खेळणार आणि त्यांतून जिल्ह्याच्या संघासाठी बाराजणी घेणार. आणि दिवाळी झाली की दरवर्षीप्रमाणे आमचं घर ऊस तोडायला कारखान्याच्या भागात जाणार होतं, सहा महिन्यांसाठी. दहावीपर्यंत मला मावशीकडं ठेवलं होतं. आता मायचं म्हणणं, दहावी झाली, आता चल, तिथं भाकरी थापायला माणूस लागतं. मी म्हणाले, माझी निवड होणार आहे. त्यावर माझी माय, जिनं जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता, ती कोर्टात जज बोलतो तसं बोलली.

"निवड झाली तर ऱ्हा मावशीकडं. न्हाई झाली तर ट्रकात बस. मग रडायचं न्हाई."

"आणि झाली तर तू रडायचं न्हाई," मी म्हणाले.

"मी कावून रडंन? एक तोंड कमी."

तर असा सौदा ठरला, आणि आठ दिवसांत सगळ्या कोर्टभर सोयाबीन पसरलं.

सोयाबीन आबांचं होतं. आबा म्हणजे कोर्टाला लागून ज्यांचं रान आहे ते म्हातारे. आमचे सख्खे कुणी नव्हेत, पण गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात. मी आणि गिरणीवाल्याची पोरगी, जी आमच्यात सगळ्यात उंच म्हणून रिंगेखाली उभी राहायची, अशा दोघी गेलो.

"आबा, आमी खेळायचं कुठं?"

"खेळा की. मी कुठं धरलंय?"

"सोयाबीनवर?"

"त्येच्यावर कावून? त्येच्या भवतीनं खेळा."

भोवतीनं वीतभर सिमेंट शिल्लक होतं. गिरणीवाली म्हणाली, "इथं निस्ती मुंगी खेळंल." आबा म्हणाले, "मग मुंगीला येऊ द्या."

त्या रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता: "ती उंचीनं लहान होती! ग्रामस्थहो, विचार करा!" त्यात बुटकीचं सगळं आयुष्य घातलं, मला ठाऊक होतं तेवढं, उलट्या क्रमानं. गुडघ्याचा परिच्छेद मोठा झाला. शेवटी मागणी एकच: कोर्ट मोकळं करा. आणि खाली, "न केल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील." हे वाक्य मी एसटी स्टँडवरच्या एका पत्रकातून उचललं होतं. प्रशासन कोण, परिणाम काय, मला काही माहीत नव्हतं. पण वाक्य असं होतं की लिहिताना छाती फुगायची.

बाजारात वाटलं. भजीवाल्यानं मूठभर मागून घेतलं, तेव्हा मला वाटलं, याला प्रश्न भिडला. पुढचं सांगितलंच आहे.

आबांना वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांना मी कोर्टाच्या कडेला बसून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आणिक वाच." परत वाचलं. "गुडघ्याचं तेवढं आणिक एकदा." तेही वाचलं.

"कुणाची म्हणायची ही?"

"लई लांबची, आबा. समुद्रापलीकडची."

"घरी शेती हाय का?"

"म्हाईत न्हाई."

"मग काय लिव्हलं तू? बरं, येवढी ती पळली, तर पळायला तिला जागा कुणी दिली?"

"असंल कुणीतरी."

"त्येचं नाव कुठाय ह्यात? पळणारीचं पान भरून, आन् जागा देणाऱ्याचा पत्त्या न्हाई!"

मला आजवर कुणी पत्रकातली इतकी नेमकी चूक दाखवलेली नाही. मी म्हणाले, "तुमी जागा द्या, तुमचं नाव घालते." आबा हसले. एकच दात होता, तोही हसला.

"अर्धं घ्या," ते म्हणाले. "पर ही रास हाय. रास पडली की ते खळं झालं. खळ्यावर पायतान घालून यायचं न्हाई, आपल्या बापजाद्यांत कुणी आलेलं न्हाई. आन् तासा-तासाला माझ्या सोयाबीनला पाय द्यायचा. माझं कंबरडं न्हाई ऱ्हायलं."

पाय देणं म्हणजे अनवाणी पायांनी दाण्यांत ओढत ओढत चालायचं, म्हणजे खालचा ओला दाणा वर येतो आणि वरचा वाळलेला खाली जातो. नाही दिलं तर सोयाबीन घामेजतं, त्याला बुरशी येते. आम्ही हो म्हणालो. हो म्हणायलाच हवं होतं. निवडीला महिना राहिला होता.

पहिल्या दिवशी आम्ही पाचजणी दाण्यांत उतरलो आणि पाचही जणी पडलो. सोयाबीनचा दाणा म्हणजे छर्रा. उचललेलं पाऊल टेकवायला गेलं की ते आपलं राहत नाही. भिंतीवर बसलेली माणसं खूश. एकजण म्हणाला, "काय बे, ह्या पोरी सोयाबीन वाळवाय लागल्या का मळाय?" गिरणीवाली पडली ती हसत हसत रिंगेच्या खांबापर्यंत घसरत गेली. आणि तिथं आबांनी नारळ फोडलेला होता, कारण खळ्याच्या मधोमध जशी बैल फिरवायची मेढ रोवतात तशी त्यांनी त्या खांबालाच मेढ मानलं होतं. तिनं खोबऱ्याचा तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाली, "मी इथंच ऱ्हाते."

हळूहळू कळलं. पाय उचलायचाच नाही. गुडघे वाकवायचे, बूड खाली, आणि आडवं सरकायचं. एक पाय सरकला की दुसरा त्याच्यामागं, पायांची कैची होऊ द्यायची नाही. सर फळीवर बसून पेपर वाचत होते. एकदम उठले आणि ओरडले, "थांबा! नाही, थांबू नका! असंच चला!" फोन काढला, बुटकीचा व्हिडिओ लावला. लंबूच्या समोर ती नेमकी अशीच सरकत होती. गुडघे वाकवून, बूड खाली, पाय न उचलता. गार्डचा बचाव! जे शिकवायला सरांनी दोन वर्षं घसा फोडला होता ते आबांच्या सोयाबीननं चार दिवसांत शिकवलं. आम्ही त्या फोनभोवती एवढ्या नाचलो, की आबा म्हणाले, "नाचायचंय तर दाण्यात नाचा, कामाला तरी येईल."

मग आबाच आमचे गुणलेखक झाले. मात्र धान्य मापताना पहिल्या मापाला आपल्याकडं कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. तसंच त्यांनी लावलं. पहिला बॉल रिंगेत गेला की आबा ओरडायचे, "लाभ!" मग दोन, तीन, चार. एक बास्केट म्हणजे दोन गुण, हे त्यांना आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "एकदा टाकलं तर एकच. उगी फुगवून सांगायचं न्हाई." सरकारी आकडेवारी लिहिणाऱ्यांना आबांकडं पाठवलं पाहिजे.

निवडीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. मोठं मैदान, रंगवलेलं कोर्ट, शहरातल्या पोरी एकसारख्या कपड्यांत. आमचा सामना पुकारला. आम्ही पाचजणी गेलो, कोर्टाच्या रेघेपाशी वाकलो, बूट काढले, जोडीनं नीट लावून ठेवले आणि अनवाणी आत गेलो. मुद्दाम नाही हो. विचारच केला नव्हता. महिनाभर पाय तसेच आत जात होते.

पंचांनी शिट्टी वाजवली. "बूट कुठायत?"

"तिथं काढलेत, सर."

"का? देऊळ हाय का हे?"

"खळं हाय," गिरणीवाली म्हणाली.

सगळं मैदान हसलं आणि माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले. ग्रामीण भागातल्या मुलींवर होणारा अन्याय, बापजाद्यांची रीत, शहराची मिजास, सगळं एका दमात. शेवटी प्रशासन जबाबदार राहील, हेही म्हणाले. पंच शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, समोरची बूट घालून तुझ्या पायावर पडली तर अंगठा मोडंल. प्रशासनाचा न्हाई, तुझा." माणसाचं खरं होतं. मी आयुष्यात जितकी भाषणं केली त्यांत इतकं संपूर्ण हरलेलं ते एकच. जाऊन बूट घातले.

ते बूट महिनाभर राशीच्या कडेला पडून होते. पायात सकाळपासूनच कचकच वाटत होती, पण आता परत काढायची कुणाची छाती? सामना सुरू झाला. मला पाय जाणवेनात. पायांच्या जागी दोन बादल्या बांधल्यासारखं वाटत होतं. सरकायला गेले की रबर सिमेंटला घासून कुईं करायचं. पाचजणींचं मिळून कुईं कुईं कुईं. गिरणीवालीला हसू आलं, तिचं बघून मला, आणि तेवढ्यात शहरवाल्यांनी तीन बास्केट टाकली. मी बॉलमागं धावले, अडखळले, सपशेल पालथी पडले. उजवा बूट निघून भिरभिरत मधोमध गेला आणि त्यातनं मूठभर सोयाबीन कोर्टावर सांडलं.

पुढचं अर्ध्या मिनिटात झालं. शहराची लंबू बॉल घेऊन आली, तिचा पाय दाण्यांवर पडला आणि ती हातवारे करीत निघाली ती थेट आमच्या सरांच्या दिशेनं. दुसरी तिला धरायला गेली, तीही गेली. माझा एक पाय अनवाणी होता. त्या पायाला आपलं घर सापडलं. गुडघे वाकले, बूड खाली गेलं, मी सरकत गेले, बॉल उचलला, गिरणीवालीला फेकला, आणि तिनं तो रिंगेत टाकला. आम्ही पाचजणी एका आवाजात ओरडलो, "लाभ!"

ते बास्केट धरलं नाही. शिट्टी आधीच झाली होती. झाडू आला, मीच झाडलं. झाडताना दुसरा बूटही रिकामा केला, बाकीच्या चौघींनीही केले. सगळं मिळून चांगलं पसाभर निघालं. तिथून पुढं मात्र बूट हलके झाले आणि हसून हसून भीतीही पार निघून गेली होती. मी चार वेळा बॉल चोरला. सामना हरलो, पण बऱ्यापैकी लाज राखून.

निवड करणाऱ्या मॅडमनी मला बोलावलं. "पाय कुठं शिकलीस?"

"सोयाबीनमध्ये."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजही वाचायचंय. यादी लागली तेव्हा माझं नाव होतं. बारावं. सर म्हणाले, बारावी म्हणजे बाकावर. कुणी दमलं, कुणाला लागलं तरच कोर्टावर. गिरणीवालीचं नाव नव्हतं. तिनं मला उचलून गरगर फिरवलं, आणि मग जरा बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागं गेले नाही. जायला हवं होतं.

येताना एसटीत माझं हसू विरत चाललं. बारावी. ही निवड झाली का? माय काय म्हणेल ते मला तोंडपाठ होतं. सर पुढच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसले होते. उमापूरच्या फाट्याजवळ एकदम वळले. "सापडलं."

बुटकीचं पहिलं ऑलिम्पिक. मी आख्खं पाहिलं. ती खेळतच नव्हती! बाकाच्या पार टोकाला बसली होती, मांडीवर टॉवेल. खेळ थांबला की उठायची, दमून आलेल्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायची, टॉवेल द्यायची, परत टोकाला जाऊन बसायची. सामना हरल्यात जमा झाल्यावर शेवटी तिला आत पाठवलं. एकदा बॉल चोरला, आणि वेळ संपली. बस. एवढीच तिची सुरुवात. चार ऑलिम्पिकांची कारकीर्द, आणि तिचं पहिलं काम पाणी वाटायचं. मला एसटीत उभं राहून ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेच. कंडक्टर म्हणाला, "काय झालं गं, पाकीट मारलं का?"

दिवाळी झाली. ट्रक कोर्टाशेजारीच लागला, कारण तिथंच वळायला जागा होती. भांडी, पत्रे, शेळी, सरपण चढत होतं. माझी वळकटीही चढली होती. मायनं सकाळीच टाकली होती. मी खाली उभी राहून वाद घालत होते, माय वरून, सामानाच्या ढिगावरून.

"बारावी म्हंजी निवड न्हाई. ती निस्ती बसायची."

"तू हे बघ तर." सरांचा फोन मी आधीच मागून आणला होता. वर दिला. मायनं उन्हात हाताची सावली करून पाहिलं. ट्रकवाला हॉर्न देत होता. मायनं परत पाहिलं.

"ही तर पाणीच वाटतीय."

"हां. पण पुढं चार वेळा खेळली."

"कप्तान झालती का?"

"झालती."

माय फोनकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "पहिल्या साली टोळीत मी बी निस्त्या मोळ्या बांधल्या. पाणी आणायचं, उसाचे शेंडे, वाढे गोळा करायचे. कोयता दुसऱ्या साली हातात दिला तुझ्या बापानं. आन् आता बघ म्हणा, कोण जास्त तोडतं." दादा, म्हणजे माझे वडील, खालून म्हणाले, "तूच तोडती, उतर आता." ती उतरली नाही. फोन पदरानं पुसून कुणाकडं तरी खाली दिला. मग ढिगात हात घातला, माझी वळकटी उपसून काढली आणि दोन्ही हातांनी छातीपाशी धरली.

"झेल," माय म्हणाली, आणि फेकली.

मी गुडघे वाकवले, बूड खाली घेतलं, वळकटी छातीवर झेलली आणि तिच्यासकट मागं उरलेल्या सोयाबीनच्या राशीत बसले. ट्रकवरची माणसं हसली. माय हसली आणि लगेच दुसरीकडं तोंड करून सामान आवळायला लागली, जे आधीच आवळलेलं होतं. कोर्टाच्या कडेला आबा पोत्यावर बसले होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं, अनवाणी आहेत ना याची खात्री केली, आणि मग हात वर करून गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "लाभ!"